सोमवारपासून सोशल मीडिया दिवसाला ३० मिनिटे

सभासदहो,

आपल्या वाचनगटाचा तीन आठवड्यांचा उपक्रम येत्या सोमवारी सुरू होतोय. नावं शनिवारपर्यंत कळवा. रविवारी संध्याकाळी ६ वाजता, नेहमीच्या जागी, फोन चार्ज करून या. सेटिंग एकत्र बसूनच करू.

• रोज एकूण ३० मिनिटे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी १० मिनिटांवर आणलं. तीन आठवड्यांत त्यांचा एकटेपणा कमी झाला, नैराश्याची लक्षणंही. आपली मर्यादा तिथूनच घेतली आहे.
• नोटिफिकेशन बंद. कॉल मात्र चालू ठेवा, घरच्यांना काळजी नको.
• रात्री फोन उशाशी नको.

वाचता वाचता पानाच्या मध्यावरच हात फोनकडे जातो आणि परत आल्यावर तोच परिच्छेद पहिल्यापासून वाचावा लागतो, हे बहुतेकांनी सांगितलंय. सुरुवातीला चुळबुळ होईल, चिडचिडही. एखाद्या दिवशी मर्यादा मोडली तर उपक्रम सोडू नका, दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवा. कुणीही जाब विचारणार नाही.

झोप उडाली असेल, मन सतत उदास असेल, तर मात्र या उपक्रमावर विसंबून राहू नका. कृपया डॉक्टरांना भेटा.