डब्यावर ५०० वॅट, आत २१६

संपादक साहेब, स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत गेमिंग पीसी घरी कसा असेंबल करायचा यावर अख्खं पान आलं होतं. मी पेपर उघडायच्या आधीच भाच्याने त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, खाली लिहिलेलं, "मामा बघ, पेपरवाले पण दोन कार्डं टाका म्हणतात." लेख तसा वाईट नव्हता, प्रोसेसर, रॅम, रंगीत लाइटवाले पंखे सगळ्यावर भरभरून लिहिलंय, पण एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, काय तर एक ओळ, चांगल्या वॅटचा बघून घ्यावा. बस. अहो पण चांगल्या वॅटचा म्हणजे कुठला, आणि बघायचं कुठे? म्हणून हे पत्र. मी काही इंजिनिअर नाही, नोकरी वेगळ्याच लाइनची आहे, पण गेली अठरा-वीस वर्षं ओळखीपाळखीत पीसी जोडून देतो आणि त्यातले जे माझ्याकडे बोंबलत परत आले त्यातले बरेचसे या एका डब्यापायी आले.

आधी दोन ग्राफिक कार्डांचं, म्हणजे गेमची चित्रं पडद्यावर काढणाऱ्या कार्डांचं, बोलून टाकतो. दोन कार्डं लावली की गेम दुप्पट पळणार हे आता जुनं झालं हो. २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय, म्हणजे दोन कार्डं जोडून एकच गेम चालवायची सोय, आणलं, पुढच्या वर्षी एटीआयचं क्रॉसफायर आलं, तेव्हा ठीक होतं, पोरं हौसेने दोन-दोन कार्डं लावायची. पण एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयसाठी गेमागणिक लागणारी नवीन प्रोफाइलं करणंच बंद केलं, ३०च्या सिरीजमध्ये गेमिंगच्या कार्डांपैकी जोडणीची सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला ठेवली आणि पुढच्या सिरीजच्या ४०९० ला तर तीही काढून टाकली. आज त्याच ३०च्या सिरीजची दोन ३०६० लावलीत तर बहुतेक गेम पहिल्या कार्डावर चालणार आणि दुसरं बाजूला बसून गंमत बघणार. हां, ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चित्रं तयार करायला (रेंडर) टाकायचीत, घरच्या मशीनवर एआयचं मॉडेल चालवायचंय, तर दुसरं कार्ड खरंच कामाला येतं, भाच्याचं तेच चाललंय, दिवसा मॉडेल आणि रात्री गेम. तर ज्याला कारण आहे त्याने खुशाल दोन लावावी, पण मग खरेदीची यादी उलटीकडून सुरू करावी, म्हणजे आधी एसएमपीएस आणि मग बाकीचं.

आता भाच्याचीच कहाणी ऐका. दोन वर्षांपूर्वी त्याने पीसी घेतला, मला न विचारता, त्याला सरप्राइज द्यायचं होतं म्हणे. दुकानदाराने कॅबिनेटसोबत एसएमपीएस 'फ्री' दिला, वर मोठ्ठ्या अक्षरात ५००. आत रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि एक आरटीएक्स ३०६० कार्ड. वर्ड, यूट्यूब, कॉलेजचा प्रोजेक्ट, सगळं मस्त. गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांनी धप्पकन बंद, निळा स्क्रीन नाही की एरर नाही, कुणीतरी प्लग उपटल्यासारखं. दुकानात तीन चकरा झाल्या, त्यांनी विंडोज दोनदा मारून दिलं, रॅम बदलून बघितली, शेवटी म्हणाले तुमच्या घरची लाइट खराब आहे. मग माझ्याकडे आला.

मी आधी डबा बाहेर काढून बाजूचं स्टिकर वाचलं. प्रत्येक एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता असतो, +३.३ व्होल्ट, +५ व्होल्ट, +१२ व्होल्ट आणि त्याखाली अँपिअर. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जेवतात ते १२ व्होल्टच्या ताटातूनच, बाकीच्या लाइनींवर त्यांचं भागत नाही. तर या ५०० वॅटवाल्यावर १२ व्होल्टपुढे होतं १८ अँपिअर. गुणाकार करा, २१६ वॅट. ३०६० एकटं १७० घेतं, तो प्रोसेसर जोरात असला की ७६ पर्यंत जातो, झाले २४६, पंखे आणि हार्ड डिस्क अजून धरलीच नाही. बाकीचे वॅट कुठे गेले तर ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेले, ज्यांना आजच्या पीसीत फारसं काम उरलेलं नाही. चांगल्या ८५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टपुढे ७० अँपिअर लिहिलेलं दिसतं, म्हणजे जवळपास सगळे ८५० त्या एका लाइनीवर मिळतात. ही एक ओळ वाचायला अर्धा मिनिट लागतो पण दुकानात कुणी डबा फिरवून बघतच नाही. आणि कार्डाला लागणारी आठ पिनी वायर त्या डब्याला नव्हतीच, दुकानदाराने जुन्या चार पिनी मोलेक्सवरून कन्व्हर्टर लावून दिलेला. एसएमपीएसला तुमच्या कार्डापुरती वायर कंपनीतूनच आलेली नसेल तर तो तुमच्या कार्डासाठी बनवलेलाच नाही, सरळ हिशोब.

मग दोन कार्डांना किती लागतो? दोन ३०६० चे ३४०, प्रोसेसरचे ७६, मदरबोर्ड-डिस्क-पंखे मिळून साठेक धरा, पावणेपाचशेच्या आसपास. याला ७५० पुरतो, आम्ही ८५० घेतला कारण पुढे मोठं कार्ड येणार हे मला त्याच्या डोळ्यात दिसत होतं. पण कुणी दोन ३०९० म्हणत असेल तर गणित बदलतं. एकेक कार्ड ३५० वॅटचं, दोन मिळून ७००, वर मोठ्या रायझन ९ प्रोसेसरचे १४०, बाकीचे शंभरेक, साडेनऊशेच्या घरात गेलं. आणि हे झालं सरासरीचं. ही मोठी कार्डं एका क्षणात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, लिहिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त ओढतात, ३५० वालं पाचशेच्या वर उडी मारतं. तुम्हाला मीटरवर ते दिसणार नाही, पण एसएमपीएसच्या आतला सुरक्षेचा सर्किट ते बघतो आणि घाबरून सगळं बंद करतो. म्हणूनच २०२० मध्ये ही कार्डं आली तेव्हा चांगले चांगले ७५० वाले डबे गेमच्या ऐन रंगात बंद पडायचे. २०२२ च्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात यासाठीच नियम घातला, की मोठ्या कार्डांसाठीच्या नव्या कनेक्टरवाल्या डब्याने स्वतःच्या वॅटच्या दुप्पट झटका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता झेलला पाहिजे. दोन मोठी कार्डं असतील तर त्या नियमाचा आणि १२००-१३०० चा घ्या, किंवा मी करतो तसं कार्डाचं पॉवर लिमिट सॉफ्टवेअरमधून ८० टक्क्यांवर आणा, स्पीड नावापुरता कमी होतो आणि खोली पण जरा कमी तापते.

वायरींबद्दल एक. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनी वायरीतून ७५, आठ पिनीतून १५०. एकाच वायरीला शेवटी दोन आठ पिनी टोकं लटकवलेली येतात, ती दोन कार्डांना वाटून द्यायचा मोह होतो कारण वायरिंग छान दिसतं. देऊ नका. प्रत्येक कार्डाला डब्यापासून निघालेली वेगळी वायर, आणि मोठ्या कार्डाला दोन सॉकेट असतील तर दोन वेगळ्या. दोन कार्डं म्हणजे बोर्डावर पण दुप्पट भार येतो, म्हणून काही बोर्डांवर स्लॉटशेजारी जास्तीचं पॉवरचं सॉकेट दिलेलं असतं, ते शोभेचं नाही, ते भरा.

आता माझी स्वतःची चूक, जी लिहायला जिवावर येतंय. नवा डबा मॉड्युलर होता, म्हणजे वायरी सुट्या, पाहिजे तेवढ्याच लावायच्या. हार्ड डिस्ककडे जाणारी साटाची पॉवर केबल माझ्याकडच्या दुसऱ्या एका जुन्या मॉड्युलर एसएमपीएसची कॅबिनेटमागून आधीच ओढून ठेवलेली होती, टायबिय मारून झालेले, म्हटलं कशाला उपसायची, टोक तर बरोबर बसतंय. बसलं. बटण दाबलं, डब्यातून टिक् असा बारीक आवाज आला आणि जळक्या वायरीचा वास. डिस्ककडचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखंच असतं पण डब्याकडचं टोक सारखं दिसलं तरी आतल्या पिनांचा क्रम ज्याचा त्याचा वेगळा असतो, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचा सुद्धा, त्याला स्टँडर्डच नाही. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले आणि डिस्कचं सर्किट जागच्या जागी खलास. वीस वर्षांचा अनुभव आणि मी ही चूक केली. डिस्कमध्ये काय होतं ते शेवटी सांगतो.

आमच्या अकोल्याचा उन्हाळा पण यात धरावा लागतो. डब्यावरचं ८० प्लसचं ब्रॉन्झ-गोल्ड जे लिहितात ती चाचणी २३ डिग्रीत होते, आणि मे महिन्यात इथे बाहेर ४४-४५, माळ्यावरच्या खोलीत दुपारी कॅबिनेटच्या आत काय होत असेल विचार करा. म्हणून डब्याचे पूर्ण वॅट ४० डिग्रीला आहेत की ५० डिग्रीला ते कंपनीच्या कागदावर बघावं, ५० वालाच घ्यावा. बाकी गोल्ड म्हणजे मजबूत असा जो समज आहे तो चूक, ते फक्त वीज किती वाया जाते त्याचं माप, गोल्ड निम्म्या लोडला साधारण ९० टक्के आणि ब्रॉन्झ ८५. ५०० वॅटच्या लोडवर फरक पडतो तीसेक वॅटचा, रोज चार तास खेळलात आणि युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला पाचशेच्या आत. आणि अजून एक, ८५० चा गोल्ड तुम्हाला ७६५ च देतो असं जे पोरं म्हणतात ते उलटं आहे, तो पीसीला पूर्ण ८५० देतो आणि भिंतीतून साडेनऊशेच्या आसपास ओढतो.

भिंतीवरून आठवलं. दुकानदार म्हणाला ना तुमच्या घरची लाइट खराब, तर तो अगदीच खोटं बोलत नव्हता, नेम फक्त चुकीच्या जागी लावला. भाचा म्हणायचा कॅबिनेटला उघडा हात लागला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर मिणमिणता पेटला. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात, प्लगची तिसरी पिन नीट अर्थ झालेली नसली की पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं, करंट अगदी बारीक म्हणून माणूस फेकला जात नाही एवढंच. अशा मशीनमध्ये महागडी दोन कार्डं बसवणं म्हणजे देवाच्या भरवशावर कारभार. इलेक्ट्रिशियन बोलावला तर भिंतीवरच्या स्विचबोर्डात अर्थची हिरवी वायर होती, ती पुढे कुठे जात होती तर कुठेच नाही, टेपने गुंडाळून ठेवलेली. ती जोडली, अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, जे उन्हाळ्यात आमचे वडील न चुकता ओतायचे आणि आम्ही बंद केलं होतं, झिणझिण्या गेल्या.

यूपीएसचं पण थोडक्यात. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, त्यातले बहुतेक ३६० वॅटचेच असतात, दोन कार्डांचा पीसी त्यावर टाकला की लाइट जाताच यूपीएस आधी मरतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर आहे का ते बघा, कारण लाइट गेल्यावर एसएमपीएस जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्यात इन्व्हर्टर आला तर ठीक.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या भागात रंगीत पंख्यांच्या फोटोऐवजी एसएमपीएसच्या बाजूच्या त्या स्टिकरचा फोटो मोठा करून छापा आणि १२ व्होल्टच्या ओळीभोवती लाल गोल काढा. पत्र लांबलं, कापायचं असेल तर ८० प्लसचं कापा, अर्थिंगचं ठेवा.

आणि माझं नाव छापू नका. त्या जळालेल्या डिस्कमध्ये ताईच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचे सगळे फोटो होते, तिला आम्ही मामा-भाच्याने अजून सांगितलेलं नाही, आणि ती तुमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते.

आपला,
एक वाचक, अकोला