पिल्लाला मारून शी-शू शिकवता येत नाही

संपादक महोदय,

कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं की थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते, सारखं घरातच शू करतं, आणि मग त्याचं नाक त्यात घासायचं नाहीतर पेपरची गुंडाळी करून मारायचं, हे अजूनही चालतं याचं मला खरंच फार वाईट वाटतं. अहो, त्या जिवाचा लघवीवर कंट्रोलच आलेला नसतो! साधारण जितके महिने वय तितके तास ते थांबू शकतं असा अंदाज धरतात, म्हणजे 2 महिन्यांचं असेल तर जेमतेम 2 तास, आणि खेळताना तेवढंही नाही. मारल्यावर ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही, मग सोफ्यामागे जाऊन करतं आणि बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करतच नाही.

त्यापेक्षा झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या, आणि झाली की तिथल्या तिथे खाऊ द्या, घरात येऊन दिला तर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही. लसीकरण पूर्ण झालेलं नसेल तर इतर कुत्री फिरतात तिथे मात्र नेऊ नका, पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराची भीती असते. घरात झालीच तर एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा, वास राहिला की पिल्लू परत तिथेच जातं. आणि शिकलेलं पिल्लू अचानक थोडी थोडी, सारखी शू करायला लागलं तर रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा, इन्फेक्शन असू शकतं.

– एक श्वानप्रेमी वाचक