हिमनदीआधी दोराची तालीम हवी

महोदय,

पन्हाळा-पावनखिंड पावसात चालून येणारी, पाठीवर ओझे घेऊन जोतिबाचा डोंगर चढणारी कोल्हापूरची मुले आता सहा हजार मीटरच्या शिखरांच्या सहली बुक करू लागली आहेत. दमाला ती कुठेच कमी नाहीत. पण सह्याद्रीत अंगवळणी पडलेल्या काही सवयी बर्फावर जिवावर बेततात, आणि शिखराच्या आदल्या दिवशी दोन तास क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी दात) घालून फिरवल्याने त्या सुटत नाहीत.

घसाऱ्याच्या वाटेवर आपण सरळ बूड टेकून घसरत उतरतो. पायात क्रॅम्पॉन असताना असे केले तर एखादा दात बर्फात रुततो, पाय जागीच अडकतो, अंग पुढे जाते आणि घोटा मोडतो. दुसरी सवय घोळक्याने, गप्पा मारत चालण्याची. हिमनदीवरच्या क्रेव्हास, म्हणजे खोल भेगा, ताज्या बर्फाखाली झाकलेल्या असतात. म्हणून तिघे-चौघे एका दोराला बांधून, दोघांत १० ते १२ मीटर अंतर ठेवून चालतात. मधला दोर जेमतेम बर्फाला टेकेल इतकाच सैल हवा. नवखा माणूस सोयीसाठी दोराची दोन वेटोळी हातात धरतो. पुढचा भेगेत गेला की तेवढा दोर मोकळा सुटतो, पडणारा वेग घेतो आणि मागच्यालाही ओढून नेतो.

अशा वेळी मागच्याने आईस अॅक्सवर, म्हणजे बर्फात रुतवायच्या कुऱ्हाडीवर, झोकून द्यायचे असते. एक हात अॅक्सच्या डोक्यावर, दुसरा दांड्याच्या खालच्या टोकाशी, दांडा छातीवर तिरपा, फावड्याची बाजू खांदा आणि मानेच्या खळग्यात. तोंड बर्फाकडे, छातीचा सगळा भार अॅक्सवर, गुडघे फाकवून बर्फात, आणि क्रॅम्पॉन असतील तर पावले वर उचललेली. नाहीतर दात अडकून माणूस उलटा फेकला जातो. वेग वाढण्याआधी, पहिल्या एक-दोन सेकंदांतच हे साधते. लाल मातीत डाव जसा विचार न करता लागतो, तसेच हे अंगात मुरावे लागते. त्यासाठी खरा बर्फ हवा, उताराच्या खाली मोकळी सपाट जागा हवी, आणि सुरुवातीला क्रॅम्पॉन काढूनच सराव हवा.

भेगेत पडल्यावर बाहेर येण्यासाठी दोरावर चढणे मात्र कोल्हापुरातच शिकता येते. तालमीत दोर टांगलेला असतोच. त्या जाड दोरावर नव्हे, पण त्याच तुळईला, ती भक्कम असल्याची जाणकाराकडून खात्री करून, १० मिमीचा गिर्यारोहणाचा दोर बांधा. त्यावर ६ मिमीच्या दोरीच्या दोन फासांनी प्रुसिक गाठी (भार पडला की आवळणाऱ्या, एरवी सरकणाऱ्या) मारा, प्रत्येकी तीन वेढ्यांच्या. वेढे एकमेकांवर चढले तर गाठ धरत नाही. ८ मिमीची दोरी वापरली तरी ती घसरते. आखूड फास हार्नेसला (कमरेच्या सुरक्षा पट्ट्याला), लांब फास पायाला. हार्नेसवर बसायचे, पायाची गाठ वर सरकवायची, पायावर उभे राहायचे, मग कमरेची गाठ वर घ्यायची. चूक बहुतेक वेळा कमरेच्या फासात होते. तो लांब झाला की भार पडल्यावर गाठ हाताच्या टप्प्याबाहेर जाते आणि माणूस भेगेत नुसता लोंबकळत राहतो. गाठ आवळून बसली तर बाहेरचा आडवा पदर अंगठ्याने ढकलून सैल करावा. हे सगळे हातमोजे घालून जमले पाहिजे. पाठीवरची सॅक माणसाला मागे खेचते, म्हणून ती स्लिंगने (शिवलेल्या पट्टीच्या फासाने) हार्नेसखाली लटकवून मगच चढायला लागावे.

उंचीचे वेगळे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. तोल जाऊ लागला, बोलणे विस्कळीत झाले, बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरवावे. रोज हजार जोर मारणाऱ्यालाही यात सूट नाही.

खरे शिक्षण उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची १९५४ पासूनची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट यांच्या सुमारे चार आठवड्यांच्या बेसिक कोर्समध्ये मिळते. तिथे ‘ए’ श्रेणी मिळाल्यावरच अॅडव्हान्स कोर्सचे दार उघडते. जागा महिनोन् महिने आधी भरतात, तेव्हा अर्ज लवकर करावा. त्यानेही धोका संपत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा शिखरावरच्या हिमस्खलनात अॅडव्हान्स कोर्सचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून पंचवीसहून अधिक जण गेले.

शहरातील ट्रेकिंग संस्थांना आणि तालीम मंडळांना विनंती आहे की, पावसाळ्यात चार रविवार हा दोराचा सराव एकत्र घ्यावा, वरून दुसरा सुरक्षा दोर लावून आणि जाणकार माणूस उभा ठेवून. हार्नेसखाली दहा किलोची सॅक लटकवून, हातमोज्यांसह तीन मीटर वर चढून पुन्हा खाली येता आले, तरच हिमालयाच्या मोहिमेसाठी नाव नोंदवून घ्यावे.

— एक गिर्यारोहण प्रशिक्षक, कोल्हापूर