अन्ननलिकेच्या तपासणीची धास्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी आई सहा महिने भाकरी आमटीत कुस्करून खात होती. विचारले की म्हणायची, "दात कुठे राहिलेत आता?" खरे तर घास छातीत अडकत होता. पण सांगितले तर दुर्बीण घालतील, या धास्तीने तिने तोंड उघडले नाही. निदान झाले तेव्हा अन्ननलिकेचा कर्करोग बराच पसरला होता. आयुष्यभर सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची ती.

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या प्रा. रेबेका फिट्झजेराल्ड यांच्या गटाने यावर सोपी तपासणी काढली आहे. दोरा लावलेली कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची. पोटात काही मिनिटांत तिचे आवरण विरघळते आणि आत दाबून बसवलेला स्पंज फुलतो. नर्स दोरा धरून तो वर ओढते. येताना अन्ननलिकेच्या अस्तरातल्या पेशी त्याला चिकटून येतात, त्या प्रयोगशाळेत तपासतात. भूल नाही, दुर्बीण नाही, फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातच काम होते. जळजळीची औषधे घेणाऱ्या सुमारे १३ हजार लोकांवरील अभ्यास २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. स्पंज देऊ केलेल्या गटात १४० जणांना 'बॅरेट्स' हा कर्करोगाआधीचा विकार सापडला, नेहमीच्या उपचारांच्या गटात फक्त १३ जणांना.

ती तपासणी जशीच्या तशी आपल्याकडे चालणार नाही, हे मान्य. तिकडचा भर आम्लपित्तातून होणाऱ्या कर्करोगावर आहे, आपल्याकडे तंबाखू आणि दारूशी जोडलेला स्क्वॅमस (अस्तरातल्या चपट्या पेशींचा) प्रकार जास्त. पण स्पंजने पेशी गोळा करून हा प्रकार शोधण्याचे अभ्यास चीनमध्ये झाले आहेत. आपल्या सरकारी तपासणीत तिशीपुढच्या लोकांचे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख पाहतात, अन्ननलिका नाही. तंबाखू खाणाऱ्याचे तोंड बॅटरी लावून पाहायचे आणि त्याच तंबाखूचा रस जिथून खाली उतरतो ती नळी सोडून द्यायची, हे मला पटत नाही. टाटा स्मारक रुग्णालय आणि राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांनी मिश्री-तंबाखूची जुनी सवय असलेल्यांवर स्पंजची चाचणी करून पाहावी, अशी कळकळीची विनंती आहे.

एक मात्र नक्की : ज्यांचा घास आत्ताच अडकतो आहे, त्यांनी स्पंजची वाट पाहू नये, थेट दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. आईच्या घशात बधिरतेचा फवारा मारला आणि थोड्याच वेळात तिला बाहेर आणले. पदर सावरत ती मला म्हणाली, "एवढंच होतं होय?"

– एक वाचक, कराड