तळमजल्यावरच्या काकूंना अनावृत पत्र

ती. स्व. काकू,
सा. न. वि. वि.

आभार मानायला खाली आले की "पुरे गं, आधी चहा घे" म्हणून तुम्ही विषयच बंद करता. म्हणून हे लिहून सगळ्यांसमोर मांडते आहे. निदान मधे बोलायची सोय नाही तुम्हाला. बदली होऊन पुण्यात येणारं माझ्यासारखं कुणी वाचेल, त्याचेही चार पैसे वाचतील.

लातूरहून सामानाचा ट्रक कर्वेनगरात आला तेव्हा खरेदीची यादी माझ्या पर्समध्ये तयार होती आणि तिच्यात पहिलं नाव आरओचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं होतं. असणारच. आमच्याकडे बोअरचं पाणी, पातेल्याच्या तळाला पांढरा थर, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. त्या उन्हाळ्यात आरओच्या नळीतून पडणारं खारट पाणीसुद्धा बादलीत धरून फरशी पुसायला ठेवत होतो. आरओशिवाय स्वयंपाकघर ही गोष्टच सासूबाईंना मंजूर नव्हती. तुम्ही यादी वाचलीत, काही बोलला नाहीत, घरी जाऊन पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेनाएवढं टीडीएस मीटर आणलंत आणि नळाचं पाणी पेल्यात घेऊन त्यात बुडवलंत. आकडा शंभराच्या आत. "खडकवासल्याचं पाणी आहे हे. यातून काढणार काय?" एवढंच म्हणालात.

मग ओट्याला टेकून सगळं समजावलंत. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असले तरी भारतीय मानकाला ते चालतात. आरओचं मुख्य काम क्षार काढायचं, आणि त्यापायी घरगुती आरओ बरंचसं पाणी मोरीत सोडतो. क्षार मुळात कमी असतील तर उरली जंतूंची भीती. तिला अतिनील किरणांनी जंतू मारणारा यूव्ही पुरतो, पावसाळ्यातल्या गढूळपणासाठी त्याच्या आधी गाळ अडवणारा फिल्टर हवा. मीटर क्षार सांगतं, जंतू सांगत नाही, हेही तुम्हीच बजावलंत. मी हे सांगितलं असतं तर सासूबाई बधल्या नसत्या, पण आकडा त्यांनी स्वतः चष्मा लावून वाचला होता. वाघोलीच्या माझ्या मैत्रिणीला मी फोनवर लगेच तोच सल्ला द्यायला लागले, तर तुम्ही फोन हातातून घेतलात: "तुमच्याकडे टँकर येतो ना? मग हिचं ऐकू नकोस, तिथलं पाणी मोज आधी."

काकू, मला वाटतं तुमचं सगळं शहाणपण यातच आलं. दुकानात जायच्या आधी घर काय म्हणतंय ते बघायचं: पाणी, वायरिंग, भिंती, विजेचं बिल. आम्ही उलटं करतो, जाहिरात बघतो.

विजेच्या बिलावर "मंजूर भार" नावाचा रकाना असतो, म्हणजे घरानं एका वेळी किती वीज ओढायची त्याची मर्यादा, हे इतकी वर्षं बिल भरूनही मला ठाऊक नव्हतं. मला इन्स्टंट गीझर हवा होता, तीन किलोवॅटचा. तो एकटाच तेरा अँपिअर ओढतो, आणि आपल्या जुन्या बिल्डिंगच्या बाथरूममध्ये पॉइंट सहा अँपिअरचा. तुम्ही वायरमनला बोलावून मेन बोर्डापासून जाड वायर टाकायला लावलीत, सोळाचा पॉइंट आणि वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) बसवून घेतलात, आणि मगच गीझर आणायला मोकळीक दिलीत.

फ्रिज घेताना दुकानातला मुलगा "मॅडम, फाइव्ह स्टार" म्हणत होता आणि तुम्ही वाकून लेबलवरचं साल आणि वर्षाचे युनिट वाचत होतात. निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे नव्या निकषांत चारच ठरू शकतात. म्हणून तारे मोजण्याआधी युनिट वाचायचे. तो मुलगा आधी हसला आणि नंतर स्वतःच प्रत्येक लेबल वाचून दाखवायला लागला.

पण खरी बचत फ्रिजमध्ये नव्हतीच, पंख्यांत होती. घरमालकाचे जुने पंखे पंचाहत्तर वॅटचे, कमी वीज खाणारे नवे बीएलडीसी पंखे तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास फिरला तर एका पंख्यामागे अर्ध्या युनिटहून जास्त फरक. तीन पंख्यांचे महिन्याला पन्नासच्या आसपास युनिट झाले. महावितरणचा दर शंभर युनिटनंतर चढतो, त्यामुळे वाचतात ते महागातले युनिट. आणि घर सोडताना पंखे काढून नेता येतात. मालकाचे माळ्यावर ठेवलेत, जाताना परत लटकवून देऊ.

टेलिफोन खात्यात उभी हयात गेलेल्या बाईला इंटरनेटबद्दल विचारायचं म्हणजे पंगतीत वाढप्याला ओळखीचं माणूस भेटण्यासारखं. ताट रिकामं राहतच नाही. स्पीडबद्दल तुम्ही एक प्रश्न विचारू दिला नाहीत. "लाइन गेली की माणूस कधी येतो, ते शेजाऱ्यांना विचार." विचारलं. उत्तरं ऐकून मी ठरवलेली कंपनी आपोआप गळाली. पहिल्यांदा महिन्याचाच प्लॅन घ्यायचा, वर्षाचे पैसे आगाऊ मोजायचे नाहीत. राउटर चपलांच्या कपाटात लपवायला निघालेला तंत्रज्ञ तुम्ही थांबवलात आणि तो पॅसेजमध्ये उंचावर लावून घेतलात. आपल्या जाड विटांच्या भिंतींपलीकडे 2.4 गिगाहर्ट्झ बऱ्यापैकी पोचतं, 5 वेगवान पण भिंतीला दमतं. मुलाच्या खोलीसाठी एक, हॉलसाठी दुसरं.

मोबाइलचा नंबर बदलू का, हा प्रश्न तर तुम्ही हसण्यावारीच नेलात. लातूर आणि पुणे मोबाइलच्या एकाच महाराष्ट्र सर्कलमध्ये (गोवासुद्धा त्यातच, मुंबई तेवढी वेगळी), आणि 2015 पासून देशभरात कुठेही नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. घरात रेंज नव्हती हे खरं. 1900 वर पोर्टचा मेसेज टाकणारच होते, तर तुम्ही फोनमधलं वाय-फाय कॉलिंग सुरू करून दिलंत. फुकट.

तपकीर गल्लीतल्या, विजेच्या सामानाच्या बाजारातल्या फेरीबद्दल लिहीत नाही, नाहीतर तुम्ही त्या दुकानदाराला वायर सोलून तांबं दाखवायला लावलंत ते सगळ्यांना कळेल.

जुनं वॉशिंग मशीन विकताना मात्र तुम्ही शेजारी बसला होतात म्हणून बरं. "आर्मीतला" म्हणवणाऱ्या गिऱ्हाइकानं पैसे पाठवायला म्हणून क्यूआर कोड धाडला होता. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्या खात्यातून जाणार. तुम्ही फोन घेऊन त्याला शुद्ध पुणेरीत वाटेला लावलंत आणि 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर फ्रिजवर चिकटवून गेलात.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही आणि ऐकणारही नाही. डिशवॉशर. "दोन बायका असताना भांड्यांना मशीन?" असं तुम्ही म्हणालात. काकू, त्या दोन बायकांतली एक बँकेतून साडेसातला येते आणि दुसरीचे गुडघे दुखतात. लातूरच्या जड पाण्यात ते यंत्र मी आणलंच नसतं. इथे तुमच्याच मीटरनं मला धीर दिला. लोखंडी कढई आणि तवा त्यात जात नाही, हा तुमचा टोमणा मान्य. पण हल्ली स्टीलची ताटं बाहेर निघाली की तुम्ही उजेडात धरून बघता, ते मला दिसतं.

जाता जाता एक काम. चौथ्या मजल्यावर जालन्याहून नवं जोडपं आलंय. गच्चीच्या स्लॅबखालचा फ्लॅट, आणि दोघं शनिवारी एसी आणायला निघालेत. किती टनाचा म्हणून विचारलं तर "मोठा" म्हणाले. शुक्रवारपर्यंत त्यांना गाठा. वायरमनला मी सांगून ठेवलंय.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची लातूरकरीण