पेशी नसलेली वेल जांभळी झाली त्या दिवसाबद्दल

प्रिय ताई,

माझ्या प्रबंधात आभाराच्या पानावर तुझं नाव आहे. 'पेशीसंवर्धनातील मदतीबद्दल' एवढंच, आणि तेही यंत्रं दुरुस्त करून देणाऱ्यांच्या खाली. ते वाक्य मीच लिहिलं होतं, बाइंडिंगला द्यायच्या आदल्या रात्री, अर्धवट झोपेत. त्यात खोटं काही नाही. पण वाचणाऱ्याला वाटेल की तू मला एखादा फ्लास्क उसना दिला होतास. खरं म्हणजे माझ्या तीन वर्षांतला सगळ्यात देखणा निकाल तू एका दुपारी मोडीत काढलास. त्याचे आभार मानायचे राहिले होते, ते आज चारचौघांत मानते आहे.

ज्यांना आपलं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पानं सावलीत वाळवायची, दळायची, मिथेनॉलमध्ये भिजत घालायची (किंवा सॉक्सलेट या काचेच्या उपकरणात गरम मिथेनॉलने तासन्‌तास धुवायची), गाळायची. मग रोटाव्हेपरवर मिथेनॉल उडवून टाकायचं आणि तळाशी उरलेला हिरवट काळा चिकटा खरवडून कुपीत भरायचा. हा अर्क. त्यात शेकडो रेणू एकमेकांत मिसळलेले असतात. हा चिकटा जिवाणूंवर, एखाद्या विकरावर किंवा पेशींवर टाकायचा आणि काही घडतं का ते पाहायचं. प्रश्न भाबडाच आहे, पण उत्तर यंत्राच्या पडद्यावर आकड्यांत येतं, म्हणून त्यावर चटकन विश्वास बसतो.

माझ्या वनस्पतीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की उद्या कुणीतरी तिचा काढा करून पिणार.

डीपीपीएचच्या चाचणीत माझा अर्क चमकला होता. त्या चाचणीत द्रावण गडद जांभळं असतं आणि अर्कात ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं असली की ते फिकट पिवळं पडतं. माझं तर बघता बघता पिवळं पडलं. मग पुढची पायरी म्हणून मी पेशींना हायड्रोजन पेरॉक्साइडने इजा केली आणि अर्क त्यांना वाचवतो का ते एमटीटीने मोजलं. एमटीटी हे पिवळं रसायन. जिवंत पेशी आपल्या चयापचयातून त्याचं रूपांतर जांभळ्या फॉर्मॅझानमध्ये करतात, म्हणून जितकं जास्त जांभळं तितक्या जास्त पेशी जिवंत, असा हिशेब. नुसत्या पेरॉक्साइडच्या वेलमध्ये निम्म्या पेशी उरल्या. (वेल म्हणजे मांडवावर चढणारी नव्हे, प्लेटमधली इवलीशी वाटी. वनस्पतीवाल्यांच्या लॅबमध्ये हा घोळ रोजचाच.) अर्क घातलेल्या वेलमध्ये किती? १४३ टक्के. अर्क वाढवत नेला तसा आकडाही चढत गेला, अगदी जिना चढावा तसा.

मी तो आलेख छापून बाकावर चिकटवला. सरांना दाखवला. परिषदेसाठी गोषवारा पाठवून मोकळी झाले.

तू शेजारच्या लॅबमधून बर्फ मागायला आली होतीस. हातात थर्माकोलचा डबा, आणि आलेखाकडे बघत म्हणालीस, "अगं, शंभरात एकशे त्रेचाळीस जिवंत? मेलेल्यांनाही उठवलंस की काय?" मी हसले. तू हसली नाहीस. विचारलंस, "पेशी डोळ्यांनी पाहिल्यास?"

पाहिल्या नव्हत्या. इन्क्युबेटरमधून प्लेट काढायची, एमटीटी घालायचं, यंत्रात सरकवायची, असं चाललं होतं. सूक्ष्मदर्शक चार पावलांवर होता.

मग तू डबा खाली ठेवलास. कोरी प्लेट घेतलीस. तीन वेलमध्ये नुसतं माध्यम, तीनमध्ये माध्यम आणि माझा अर्क, पेशी कशातच नाहीत. सगळ्यांत एमटीटी. कागदी चिकटपट्टीचा तुकडा फाडून झाकणावर लावलास आणि त्यावर पेनने लिहिलंस, 'पेशी नाहीत'. प्लेट ३७ अंशाला ठेवली. ठरल्याप्रमाणे चार तास थांबायचं होतं, आपण तासाभरातच उघडून पाहिलं. अर्काच्या तिन्ही वेल जांभळ्या होत चालल्या होत्या. ज्यात जिवंत असं काही नव्हतंच, तिथेही माझा अर्क 'पेशी वाचवत' होता.

त्यानंतर तू जे वाक्य बोललीस ते आता मी दर वर्षी नव्या मुलांना ऐकवते : "जो अर्क डीपीपीएचचं जांभळं पिवळं करतो, तो एमटीटीचं पिवळं जांभळं करणारच. दोन्हीकडे तो इलेक्ट्रॉनच देतोय." दोन्ही चाचण्या माझ्याच वहीत समोरासमोरच्या पानांवर होत्या. मी त्या दोन वेगवेगळ्या शुभवार्ता म्हणून वाचल्या. ती एकच बातमी होती, आणि पेशींशी तिचा काही संबंध नव्हता.

खरं सांगू? मला तुझा भयंकर राग आला. दोन दिवस मी तुझ्या लॅबवरून जायचं टाळलं, पाणी प्यायलासुद्धा दुसऱ्या मजल्यावर गेले. तू समजूत घालायला आली नाहीस हे बरंच झालं. तिसऱ्या दिवशी आलीस ती काम घेऊनच : प्रयोग पुन्हा करायचा, पण या वेळी एमटीटीच्या आधी अर्क काढून टाकून वेल दोनदा बफरने धुवायच्या. शिवाय सोबत दुसरी प्लेट, त्यात सल्फोरोडामाइन बी. तो रंग पेशींच्या प्रथिनांना चिकटतो. त्याला क्षपणाशी, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याशी, देणंघेणं नाही, म्हणून अर्काने त्याला फसवायची शक्यता कमी. आणि त्याआधी सूक्ष्मदर्शक.

भिंगातून जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. अर्क न घातलेल्या वेलमध्ये पेशी तळाला चिकटून, हातपाय पसरून बसलेल्या. अर्काच्या वेलमध्ये गोल, आक्रसलेल्या, कित्येक तर तळ सोडून तरंगणाऱ्या. ज्या मात्रेला माझा आलेख १४३ सांगत होता त्याच मात्रेला दुसऱ्या रंगाने निम्म्याहून कमी पेशी दाखवल्या. अर्क वाचवत नव्हता, मारत होता.

मी लगेच उलटी उडी मारली, तुला आठवत असेल. "मग कर्करोगविरोधी म्हणून लिहूया का?" तू उत्तर दिलं नाहीस. परीक्षानळीत थोडा अर्क आणि पाणी घेतलंस, अंगठा लावून खळाखळा हलवलंस आणि नळी स्टँडमध्ये ठेवून दिलीस. दोन बोटं उंचीचा फेस. पंधरा मिनिटांनीही तो तसाच उभा, रिठ्याच्या फेसासारखा. सॅपोनिन. पेशीच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलला धरून आवरणच फाडणारं द्रव्य, साबणाचं चुलत भावंड. असा अर्क कर्करोगाची पेशी मारतो आणि शेजारची निरोगी पेशीही मारतो. निरोगी पेशींवर करून पाहिल्याशिवाय त्या शब्दाला हात लावायचा नाही, एवढंच तू म्हणालीस. आपण करून पाहिलं. दोन्ही जवळजवळ सारख्याच मात्रेला मेल्या.

त्या दिवसानंतर मी माझी सगळी वही तुझ्यासमोर उघडी केली आणि तू प्रश्न विचारत गेलीस. पहिलाच प्रश्न अर्काचा नव्हता, पानांचा होता. नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) दिलास का? मी म्हटलं, ओळख पक्की आहे, स्थानिक नावही तेच आहे. त्यावर तू ब्राह्मीचं उदाहरण दिलंस. कुणी ब्राह्मी म्हणून बाकोपा देतं, कुणी सेंटेला. दोन्ही ओलसर जमिनीवर पसरणाऱ्या, पण कुळं वेगळी, रसायनं वेगळी. शंखपुष्पीचं तर विचारूच नको. आणि मग ब्रुसेल्सची गोष्ट. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी सारख्याच नावाची दुसरी, अॅरिस्टोलोकिया जातीची, गेली आणि कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. घोळ नावातला होता. तोवर दाबून वाळवलेल्या फांदीला मी कारकुनी समजत होते. दुसऱ्याच दिवशी जाऊन नमुना जमा केला आणि क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

सॉक्सलेटवर किती तास ठेवलंस, हेही विचारलंस. अठरा. का? सगळे तेवढंच ठेवतात म्हणून. तेव्हा तू तू योयो या चिनी शास्त्रज्ञ बाईंबद्दल सांगितलंस. ('तू तू' दोनदा आलं म्हणून आपण उगाच हसलो होतो.) मलेरियावरच्या औषधासाठी त्यांचा गट शेकडो अर्क उंदरांवर तपासत होता. चिंगहाव या चिनी वनस्पतीचा अर्क एकदा चांगला निघायचा, पुन्हा केला की फुसका. मग त्यांना चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथातली कृती सापडली : मूठभर वनस्पती पाण्यात भिजवा आणि पिळून रस घ्या. उकळा असं त्यात कुठेच नव्हतं. त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधला मलेरिया शंभर टक्के रोखला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ मध्ये नोबेल. तू ही गोष्ट नोबेलसाठी सांगितली नव्हतीस. आधीचे नमुने 'निष्क्रिय' ठरले तेव्हा वनस्पती निष्क्रिय होती की काढण्याची रीत, हे मला विचारायचं होतं तुला.

मात्रेवरून मात्र तू चिडलीस. जिवाणूंवर मी मिलिलिटरला पाच मिलिग्रॅमपर्यंत गेले होते आणि 'लक्षणीय परिणाम' लिहिलं होतं. "भरपूर घातलं तर मीठसुद्धा जिवाणू मारतं," तू म्हणालीस. कच्च्या अर्काला मिलिलिटरमागे शंभर मायक्रोग्रॅमच्या आत काही दिसलं तर थांबून बघायचं, वरचं सोडून द्यायचं, हा तुझा ढोबळ नियम. अर्क विरघळवायला डीएमएसओ वापरलं तर तेवढंच डीएमएसओ अर्काशिवाय घातलेली वेल हवीच. प्लेटच्या कडेच्या ३६ वेल लवकर सुकतात, त्यांत नुसतं पाणी भरायचं आणि आतल्या ६० वापरायच्या. मला तेव्हा प्लेटमागे फक्त ६० वेल वापरणं परवडत नव्हतं, म्हणजे असं मला वाटत होतं. कडेच्या वेलमुळे वाया गेलेल्या प्लेटांचा हिशेब केला तेव्हा गप्प बसले.

हळदीवरून आपलं भांडण झालं होतं, तेही सांगून टाकते. हळदीतल्या पिवळ्या द्रव्यावर, कर्क्युमिनवर, इतके शोधनिबंध आहेत, ते सगळे चूक कसे, असं माझं म्हणणं. तू २०१७ चा तो परीक्षण लेख पुढे केलास. कर्क्युमिन स्वतः चकाकतं, धातू पकडतं, प्रथिनांना चिकटतं, पाण्यात टिकत नाही. म्हणून ते चाचणीमागून चाचणीत 'सक्रिय' दिसतं, आणि लेखकांच्या मते तोवर माणसांवरची एकही दुहेरी अंध, प्लासिबो-नियंत्रित चाचणी (कुणाला औषध आणि कुणाला बनावट गोळी हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसतं अशी) यशस्वी झालेली नव्हती. मी म्हटलं, हळदीला काय वाटेल. तू म्हणालीस, हळदीला काही वाटत नाही, तुला वाटतं.

आणि ती संध्याकाळ, वीज गेली होती आणि फ्रीझरचं दार उघडायचं नाही म्हणून आपण दोघी त्याच्यासमोर पहारा देत बसलो होतो. मी रडकुंडीला आले होते. तीन वर्षं आणि हातात काय, तर फेस. तू सदाफुलीबद्दल बोललीस. मधुमेहावर तिचा उपयोग सांगतात म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी पानांचा अर्क तपासला. रक्तातली साखर काही उतरली नाही. अर्क टोचलेले उंदीर मात्र संसर्गाने मरू लागले. प्रयोग फसला म्हणून त्यांनी गुंडाळला नाही. उंदीर का मेले ते पाहिलं, तर पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. १९५८ मध्ये त्यातून व्हिनब्लास्टिन आलं, लसिकाग्रंथींच्या कर्करोगावरचं औषध. 'तुझ्या फेसातून असलं काही निघणार नाही,' हेही तू लगेच सांगून टाकलंस, त्यामुळे मला धीर आला की नाही हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

निघालं नाहीच. पुढे अर्काचे भाग पाडले, तसतसा परिणाम दोन ठिकाणी विखुरला आणि शेवटी हाती आली ती आधीपासून माहीत असलेली संयुगं. गोषवारा मी मागे घेतला. नंतर एका चर्चासत्रात 'पेशी नाहीत' प्लेटचा फोटो दाखवला तेव्हा परीक्षकांनी विचारलं, मग याचा उपयोग काय? मला उत्तर सुचलं नाही. पोस्टर गुंडाळताना मात्र दोन मुली आल्या आणि त्यांनी त्या फोटोचा फोटो काढून घेतला.

आज हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण काल घडलं. माझ्याकडचा एक मुलगा धावत आला. फार हुशार आहे, आणि माझ्यासारखाच घाईचा. अर्क वेगळा, पेशी वेगळ्या, आलेख तसाच जिन्यासारखा चढता. १२८ टक्के. त्याचा चेहरा बघून माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुला त्या दिवशी किती जड गेलं असेल ते मला काल पहिल्यांदा कळलं, कारण बर्फ तर तुझा तिथेच वितळून गेला होता आणि तू तो पुन्हा मागायलाही आली नव्हतीस.

मी त्याला एवढंच विचारलं, "पेशी डोळ्यांनी पाहिल्यास?" मग कोरी प्लेट काढून दिली. चिकटपट्टीवर त्यानेच लिहिलं, मी फक्त काय लिहायचं ते सांगितलं. प्लेट आत्ता इन्क्युबेटरमध्ये आहे. तो दर दहा मिनिटांनी दाराजवळ जाऊन येतोय आणि मी त्याला उघडू देत नाहीये.

काय निघालं ते रात्री फोन करून सांगते.

तुझी,
शेजारच्या लॅबमधली