भारत कधीच या फंदात पडला नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

युक्रेनला मिळणाऱ्या परदेशी मदतीवर लिहिता लिहिता कालच्या अग्रलेखात आपण एक वाक्य सहज टाकून दिले आहे: परक्याच्या लढाईत शस्त्रे आणि प्रशिक्षक पुरवण्याच्या फंदात भारत कधी पडला नाही. अग्रलेख लिहिणाऱ्यांचा जन्म १९७१ नंतरचा असावा, त्याला इलाज नाही. पण आपल्याकडे जुने अंक बांधून ठेवलेले असतील, ते तरी चाळायचे.

पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशच्या, स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या हातात बंदुका काय आभाळातून पडल्या? आपले पाकिस्तानशी युद्ध सुरू झाले ३ डिसेंबरला. त्याच्या कितीतरी महिने आधी सरहद्दीलगत छावण्या उघडल्या होत्या आणि कॉलेजातली पोरे तीन-चार आठवड्यांचे शिक्षण घेऊन परत आत जात होती. नागालँडमध्ये दिमापूरला बांगलादेशचे विमानदळ उभे राहिले, तेही आपण दिलेल्या एक डाकोटा विमान, एक ऑटर विमान आणि एक हेलिकॉप्टर एवढ्या सामानावर. ऑटरला आणि हेलिकॉप्टरला रॉकेटे बसवली, आणि त्यांनीच नारायणगंज-चितगावचे तेलाचे साठे पेटवले. याला फंदात पडणे म्हणत नसतील तर कशाला म्हणतात?

मला हे इतके लागायचे कारण घरचे आहे. माझा थोरला भाऊ नौदलात पाणबुड्या होता. त्या वर्षी पावसाळ्यात त्याचे पत्र आले ते एवढेच, की कलकत्त्याकडे बदली झाली आहे, काळजी नसावी. आई समजली की हा तिकडे गोदीत जहाजांचे तळ तपासतो आहे. दादा होता पश्चिम बंगालमधल्या पलाशीला, भागीरथीच्या काठी. नौदलाने तिथे गुपचूप तळ टाकला होता आणि पूर्व बंगालमधून आलेल्या विद्यार्थ्यांना सुरुंगवाले पाणबुडे बनवणे चालले होते. पोटाला विटा बांधून रात्र रात्र पोहायचे. पुढे त्या विटांच्या जागी जहाजाच्या बुडाला चिकटणारा सुरुंग यायचा होता. सुरुंगाची खुंटी पाण्यात विरघळली की तो उडायचा, म्हणून जहाजाशी पोचेपर्यंत खुंटीवर कंडोम चढवून ठेवत. भांडाराकडे एवढे कंडोम मागितले तेव्हा काय काय ऐकून घ्यावे लागले, ते दादा पुढे कितीतरी वर्षांनी हसत हसत सांगायचा. एकदा मी विचारले, तू त्यांना पोहायला शिकवलेस ना? तर म्हणाला, "त्यांका पोवाक काय शिकवतलंय? ती न्हंयतलीच पोरां. आवाज नाय करता पोवाक शिकवलंय."

१५ ऑगस्टच्या रात्री हीच पोरे चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंजच्या बंदरांत उतरली. कधी उतरायचे त्याची खूण आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून दोन बंगाली गाणी लावून दिली होती. पहाटे जहाजे बुडाली आणि जगाला कळले की पाकिस्तानची बंदरे सुरक्षित नाहीत. ही सारी मोहीम ज्यांनी चालवली ते कॅप्टन मोहन सामंत आपले मराठीच. महावीरचक्र मिळाले त्यांना. २०१९ मध्ये ते मुंबईत वारले तेव्हा आपल्या पानांवर किती ओळी आल्या होत्या, तेही जुन्या अंकांत सापडेल.

सामंतांना चक्र मिळाले, त्यांच्या हाताखालचे लीडिंग सीमन चिमण सिंग यांना मिळाले, याचा आनंदच आहे. दादाला काही मिळाले नाही आणि त्याने मागितलेही नाही. त्याच्या पश्चात वहिनी जिल्ह्यातल्या एका कचेरीत युद्धातल्या कामगिरीचा दाखला मागायला गेली. तिथल्या साहेबांनी सांगितले, १९७१ च्या मे ते ऑगस्टमध्ये युद्ध नव्हते, तेव्हा युद्धातली कामगिरी कशी असेल? बिनतोड युक्तिवाद. कागद आणा म्हणाले. कागद कुठून आणायचा? जे काम झालेच नाही असे सरकार तेव्हा सांगत होते, त्याची पावती कोण देणार? शिवाय मुक्तिवाहिनीविषयीचे लष्कराच्या पूर्व कमांडचे दप्तरच नष्ट केल्याच्या बातम्या २०१० साली आल्या होत्या. दप्तर नष्ट झाले, साहेब म्हणतात युद्ध नव्हते, आणि आता आपण म्हणता भारत त्या फंदातच नव्हता. छान जमले आहे.

युक्रेनच्या नवख्या सैनिकांना ब्रिटनमध्ये पाच आठवड्यांत तयार करत होते, याचे आपल्याला फार नवल वाटलेले दिसते. अहो, पाच आठवडे हा चैनीचा काळ झाला. फरक असलाच तर एवढाच की अमेरिका-ब्रिटन रणगाडा द्यायच्या आधी पत्रकार परिषद घेतात. उद्या तिथल्या एखाद्या प्रशिक्षकाच्या बायकोला दाखला हवा असेल तर वर्तमानपत्राचे कात्रण नेऊन दाखवता येईल. आम्ही डिसेंबरपर्यंत तोंडाला कुलूप लावले ते बरोबरच होते. आता पन्नासहून जास्त वर्षे झाली, ते काढायला हरकत कोणाची आहे? निदान वर्तमानपत्राने तरी वरून दुसरे लावू नये.

जाता जाता, विषय निघालाच आहे म्हणून. गेल्या विजय दिनाच्या पुरवणीत '१९७१ चे युद्ध गाजवणारी विक्रांत' म्हणून आपण जो फोटो छापलात, तो २०२२ मध्ये नौदलात आलेल्या नव्या विक्रांत या विमानवाहू नौकेचा होता. जुनीचा डेक तेव्हा पुढून सपाट होता, नवीचा वर उचललेला आहे; आमच्या मालवणातले शाळकरी पोरही सांगेल. त्याबद्दल तेव्हाच पत्र पाठवले होते, ते छापून आले नाही आणि खुलासाही आला नाही. हे पत्र जागेअभावी कापणार असाल तर वरचा टोमण्यांचा भाग खुशाल कापा, पलाशीचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मालवण